युआन शिकायच्या सम्राटपदाला आव्हान देणाऱ्या सेनापती त्साय अ यांची कारकीर्द कशी होती?

त्साय अ यांचा जन्म 1882 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात झाला. सुधारणावादी विचारवंत ल्यांग छीचाव यांचे शिष्यत्व आणि जपानमधील लष्करी शिक्षण या दोन गोष्टींनी त्यांना घडवले. ऑक्टोबर 1911 मध्ये युनान प्रांताची राजधानी कुनमिंग येथे छिंग राजघराण्याविरुद्ध झालेल्या उठावाचे नेतृत्व करून ते युनानचे लष्करी गव्हर्नर झाले. 1913 मध्ये मात्र चिनी प्रजासत्ताकाचे अध्यक्ष युआन शिकाय यांनी त्यांना बीजिंगला बोलावून घेतले, ते बहुधा नजरेखाली ठेवण्यासाठीच.

युआन सम्राट होऊ पाहत आहेत हे स्पष्ट झाल्यावर, उपचारांचे निमित्त करून त्साय अ आधी त्यानजिनला व तेथून जपानला गेले आणि व्हिएतनाममार्गे कुनमिंगला पोहोचले. 25 डिसेंबर 1915 रोजी युनानने स्वातंत्र्य पुकारले. (आजाराचे निमित्त खोटे नव्हते, घशाचा विकार खरोखरच बळावत होता.) त्यानंतर सिचुआनमधील लुचौ परिसरात अपुरी रसद आणि मोजके सैन्य हाताशी असताना, आवाज जवळजवळ बसलेल्या या सेनापतीने युआनच्या संख्येने वरचढ फौजांना रोखून धरले, आणि माझ्या मते त्यांचे खरे लष्करी कर्तृत्व येथेच दिसते. इतर प्रांतही फुटू लागल्यावर मार्च 1916 मध्ये युआनना राजेशाही गुंडाळावी लागली.

सिचुआनचे गव्हर्नरपद त्यांना अल्पकाळच लाभले. उपचारांसाठी जपानला गेले असता 8 नोव्हेंबर 1916 रोजी फुकुओका येथे त्यांचे निधन झाले.