वायरलेस माऊस सारखा तुटतो, दोन बदलून झाले, आता काय करू?

भाऊ, तिसरा माऊस घ्यायला बर्डीच्या बाजारात जाऊ नका. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की नवा लॅपटॉप घेतल्यापासून माऊस मधेच अडखळतो, कधी दोन-चार सेकंद पूर्ण बंद पडतो. वेगवेगळ्या कंपनीचे दोन माऊस झाले, सेलही नवे टाकले, तरी तेच. दोन निराळे माऊस एकाच तऱ्हेनं बिघडत असतील, तर दोष बहुतेक माऊसमध्ये नाही. तो त्याच्या आजूबाजूला आहे.

मी इथे नागपुरात महाल भागात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं, काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक. १९ वर्षं झाली, रोजचे आठ-नऊ तास हात माऊसवरच असतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी वेलबुट्टी जुळवताना पॉइंटर उडी मारून भलतीकडे गेला की काय जीव जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी अक्षय तृतीयेच्या आधी, ऐन पत्रिकांच्या सीझनमध्ये, माझ्या माऊसनं असाच छळ मांडला होता. सेल बदलले, ड्रायव्हर टाकला, माऊसही बदलला. मग एका कागदावर फक्त वेळ लिहायला लागले: कधी तुटला. तीन दिवसांत दिसलं की सकाळी तो एकदाही तुटत नाही, तुटतो तो संध्याकाळी सातनंतरच. आणि सातनंतर मी दिवसभराच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करत असे. माऊसचा रिसिव्हर (यूएसबी पोर्टमध्ये घालायचा तो छोटा तुकडा, त्यालाच डाँगल म्हणतात) आणि ती डिस्क शेजारशेजारच्या पोर्टमध्ये होते. डिस्क काढली, माऊस सरळ. लावून कॉपी सुरू केली की परत अडखळला. खात्री पटेपर्यंत चारदा करून पाहिलं.

याचं कारण असं. डाँगलवाला माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतो. यूएसबी ३.० मधून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगानं धावतो, आणि त्या धावण्यातून पोर्टभोवती, केबलभोवती जो विद्युत गोंगाट सुटतो, तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. माऊसचा आवाज मुळात बारीक, त्यात रिसिव्हरच्या कानाशी हा गोंगाट. मग त्याला माऊस ऐकूच येत नाही. इंटेलनं २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र तांत्रिक लेखच प्रसिद्ध केला होता, म्हणजे हा माझा तर्क नाही. नव्या लॅपटॉपला पोर्ट दोन-तीनच आणि तेही खेटून असतात, त्यामुळे हा त्रास तिथे जास्त. टाइप-सीचा हब लावून त्यातच पेन ड्राइव्ह, त्यातच एचडीएमआय आणि त्यातच माऊसचा रिसिव्हर बसवला असेल, तर ती सगळ्यात वाईट जागा.

उपाय अगदी साधा आहे. रिसिव्हर त्या गर्दीतून बाहेर काढा. यूएसबीची एक्सटेन्शन केबल घ्या, हात-दीड हाताची पुरते. ती यूएसबी २.० चीच मागा, माऊसला त्याहून जास्त काही लागत नाही. केबलच्या टोकाला रिसिव्हर लावून तो टेबलावर माऊसपासून वीतभर अंतरावर ठेवा. मला ती दीडशे रुपयांत मिळाली आणि तेव्हापासून ते दुखणं गेलं. केबल येईपर्यंत एवढं करा: रिसिव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये घाला. आतली जीभ निळी किंवा बाजूला एसएस लिहिलेलं असेल तर ते पोर्ट ३.० चं. काळं किंवा पांढरं पोर्ट असेल तर आधी ते वापरून बघा. मात्र सगळ्याच कंपन्या रंग पाळत नाहीत, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका.

पण तुमचं दुखणं हेच असेल असं मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या वेळी माऊस अडकला की हलवाहलव करण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, पॉइंटर थांबलेला असताना मधलं चाक फिरवा. पान वर-खाली सरकलं, तर कनेक्शन शाबूत आहे. तुमच्या माऊसला खालचा पृष्ठभाग दिसत नाहीये. काचेचं टेबल किंवा चकचकीत सनमायका असेल तर असं होतं. खाली जाड कागद घाला, आतल्या सेन्सरवरचे केस-धूळ कोरड्या कापसानं पुसा, झालं.

दुसरी, कान द्या. यूएसबी उपसल्यावर विंडोजचा जो आवाज येतो, तो माऊस तुटताना आपोआप येतो का? येत असेल तर रेडिओचा काही संबंध नाही, अख्खा रिसिव्हरच लॅपटॉपपासून तुटतोय. पोर्ट ढिलं असेल, नाहीतर वीज वाचवण्यासाठी विंडोज ते पोर्ट झोपवत असेल. डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी रूट हबवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. काही लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. तेव्हा कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड मिळतं का बघा आणि ते डिसेबल करा. चाकानं पानही सरकत नाही आणि आवाजही येत नाही, तर मात्र वरचं गोंगाटाचं प्रकरण किंवा सेल.

सेल नवे टाकलेत म्हणता, पण चार्ज होणारे टाकले का? ते १.२ व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन १.५ चे. काही माऊसना १.२ म्हणजे सेल संपत आला असंच वाटतं. एकदा चांगला अल्कलाइन टाकून फरक बघा. स्प्रिंगवर पांढरी भुकटी आहे का तेही तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद खोलीत महिनाभर पडलेल्या माऊसमध्ये सेल पाझरून बसतो. अल्कलाइन सेलची ती भुकटी लिंबाच्या एका थेंबानं निघते. कापूस काडीला गुंडाळा, हलक्या हातानं पुसा, मग ओलसर कापसानं पुसून पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, तो द्रव कातडीला चांगला नाही.

आणखी एक आपल्या उन्हाळ्याचीच गोष्ट. शेजारच्या काकूंकडे डेस्कटॉप आहे. एप्रिलमध्ये खिडकीला कूलर लागला, दमट वारा लागू नये म्हणून मुलानं सीपीयू लोखंडी कपाटाच्या मागे सरकवला, आणि माऊस बंद पडायला लागला. सगळ्यांनी खापर कूलरवर फोडलं. खरं तर रिसिव्हर सीपीयूच्या पाठीमागे आणि मधे कपाटाचा पत्रा. या लहरी पत्र्यातून जात नाहीत. रिसिव्हर पुढच्या पोर्टला लावून पाहिला, तरी पत्रा मधे होताच. शेवटी तिथेही लांब केबलच कामी आली.

तुमचा माऊस डाँगलचा नसून ब्लूटूथचा असेल तर रिसिव्हर हलवता येणार नाही, तो लॅपटॉपच्या पोटात असतो. मग हार्ड डिस्क आणि हब लॅपटॉपपासून लांब केबलवर ठेवा. घरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं दिसत असेल तर लॅपटॉपचं वायफाय त्यावर घ्या. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय दोघंही २.४ मध्येच दाटीवाटीनं राहतात. डाँगलवाल्यांनाही याचा थोडा फायदा होतो.

एवढं करूनही तुटला, तर तोच माऊस त्याच्या रिसिव्हरसकट दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर तासभर चालवा. तिथेही तुटला तर वॉरंटीत परत द्या, आणि देताना रिसिव्हर बरोबर न्या. बऱ्याच स्वस्त माऊसची जोडी त्याच एका रिसिव्हरशी बांधलेली असते, दुसरा चालत नाही. तिथे नीट चालला, तर लॅपटॉपला आणखी काय काय लावलेलं असतं आणि तुटताना तो आवाज येतो का, एवढं इथे खाली लिहा. मी रात्री काम आटोपल्यावर बघते.