दोन ५६के मोडेम जोडूनही ३३,६०० च का?

घरच्या ईपीएबीएक्सवर (छोट्या खासगी टेलिफोन एक्स्चेंजवर) दोन ५६के मोडेम जोडले तर वेग सेकंदाला ३३,६०० बिट्सच्या वर जात नाही, आणि तेच मोडेम दोन वेगवेगळ्या व्हॉइप अडॅप्टरवर (फोनचा आवाज इंटरनेटवरून नेणाऱ्या डब्यांवर) लावले की पाच-सात मिनिटांत लाइन तुटते, असं तुम्ही लिहिलंय. मोडेम बदलू नका, ते ठीक आहेत.

आधी वेगाचं. टेलिफोन एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक माप २५६ ठरावीक पातळ्यांपैकी जवळच्या पातळीवर बसवतं. या बसवण्यात थोडी चूक राहतेच. मोडेमच्या दृष्टीने ती चूक म्हणजे गोंगाट, आणि व्ही.३४ या जुन्या मोडेम-मानकाची ३३,६०० ची मर्यादा जवळजवळ तिथेच येते. १९९८ च्या व्ही.९० ने, म्हणजे ५६केच्या मानकाने, यावर सुरेख तोड काढली: सर्व्हर (फोन घेणारं समोरचं टोक) थेट डिजिटल लाइनवर ठेवायचा. त्याने पाठवलेला आकडा एक्स्चेंजमधून न बदलता येतो आणि तुमच्या तारेवर थेट व्होल्टेज बनतो. मोडेमने फक्त ही कितवी पातळी ते ओळखायचं. उलट दिशेला मात्र माप घ्यावंच लागतं, म्हणून अपलोड ३३,६०० च.

४९,३३३ किंवा ५०,६६७ असे विचित्र आकडे दिसतात तेही यामुळेच. सहा मापांची एक चौकट, तिच्यात पूर्ण संख्येत बिट्स. ८,००० भागिले ६ म्हणजे १,३३३, त्या पायऱ्यांनी वेग चढतो. सहा मापांत ३७ बिट्स बसले की ४९,३३३.

घरगुती मोडेमला सर्व्हरची बाजू येत नाही. ईपीएबीएक्स पूर्ण ॲनालॉग असला तरी दोघे व्ही.३४ वरच उतरणार. खरा ५६के हवा असेल तर एका टोकाला ई-१ किंवा टी-१ पीआरआय (अनेक फोन-वाहिन्या एकत्र आणणारी डिजिटल लाइन) घेणारा, डिजिटल मोडेम असलेला ॲक्सेस सर्व्हर लागतो, उदाहरणार्थ सिस्कोचा एएस५३००. दोन यंत्रं थेट जोडताना एकाचं क्लॉक (मापांची लय ठरवणारं घड्याळ) इंटरनल आणि दुसऱ्याचं लाइनवरून घ्या. दोन्ही आपापल्या क्लॉकवर राहिली तर मापं सटकतात आणि मोडेम पुन्हा पुन्हा रीट्रेन होत (लाइनशी नव्याने जुळवून घेत) बसतो. आपल्याकडचं ई-१ ए-लॉवर चालतं, अमेरिकेचं टी-१ म्यू-लॉवर; या त्या २५६ पातळ्या ठरवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती. मध्ये रूपांतर झालं की व्ही.९० बिघडलंच समजा.

आता अडॅप्टर. तुटण्याचं मुख्य कारण इथेही क्लॉकच. दोन अडॅप्टरच्या क्रिस्टलमध्ये (क्लॉक चालवणाऱ्या स्फटिकात) दहा लाखात ५० चा फरक असला, तर सेकंदाला ०.४ माप मागे पडतं. २० मिलिसेकंदांच्या एका पॅकेटात १६० मापं असतात, म्हणजे सुमारे ४०० सेकंदांनी एक पॅकेट गाळावं किंवा जास्तीचं घालावं लागतं. बोलताना ते कळतही नाही, मोडेमची लय मात्र तिथेच मोडते. तुमची पाच-सात मिनिटं या हिशोबात बसतात. म्हणून दोन्ही मोडेम एकाच अडॅप्टरच्या दोन पोर्टांवर लावून पाहा.

अडॅप्टरमध्ये कोडेक (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) फक्त जी.७११ ठेवा, इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं) आणि सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेटं न पाठवणं) बंद करा, जिटर बफर (उशिरा येणारी पॅकेटं सांभाळून घेणारा साठा) स्थिर आणि मोठा ठेवा. डायल टोन नाही असा संदेश आला तर मोडेमला एटीएक्स३ ही आज्ञा (डायल टोनची वाट पाहू नको) द्या. एवढं करूनही टिकत नसेल तर एटी+एमएस=व्ही३२बी देऊन वेग १४,४०० वर बांधा (रॉकवेल-कोनेक्झंट चिपवर ही आज्ञा चालते). व्ही.४२ एरर करेक्शन (चुकलेला डेटा पुन्हा मागवणारी सोय) मात्र बंद करू नका, नाहीतर पडद्यावर कचरा येईल.