शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग पुसलंय. महापालिका म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस म्हणतात महापालिकेकडे. नक्की जबाबदारी कोणाची?

रस्ता महापालिकेचा असेल तर पट्टे महापालिकेनेच मारायचे.

मी एका महापालिकेच्या पथ विभागात कनिष्ठ अभियंता होतो. तक्रार आली की आम्ही आधी एकच बघायचो, रस्ता कोणाच्या ताब्यात? डांबर, पट्टे, फलक, दुभाजक, पदपथ हे सगळं ज्याचा रस्ता त्याचं. आणि शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 च्या अखेरीपर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होते, मग महापालिकेकडे आले. खड्डे तेच, अर्जावरचा पत्ता तेवढा बदलला.

वाहतूक पोलिसांकडे नियमन असतं: वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, नो पार्किंग. सिग्नलचा खांब, दिवे आणि वीजबिल बहुधा महापालिकेचं, पण हिरवा किती सेकंद ठेवायचा हे पोलीस ठरवतात. गतिरोधक नगरसेवक मागतो, आम्ही बांधतो, ना-हरकत पोलिसांची. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. तुमच्या गल्लीतला एकदा मोजून बघाच.

ही सगळी खाती एकाच जागी बघायची तर अपघातांसाठी ओळखला जाणारा पुण्यातला नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत लांब उतार आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. उताराची रचना राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची, वेगावर कारवाई पोलिसांची, ट्रकची फिटनेस आरटीओची. प्रत्येकाच्या फाइलीत अपघाताचं कारण दुसऱ्याच खात्याचं निघू शकतं.

म्हणूनच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिथे हे सगळे एका टेबलाशी बसतात. पण बैठकीत चर्चा होते ती मुख्यतः ब्लॅक स्पॉटची. साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा एकूण 10 मृत्यू, तेव्हा ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. हा आकडा पोलिसांच्या नोंदीतून येतो. ‘आपसात मिटवलं’ म्हणून सोडून दिलेला अपघात या हिशेबात धरलाच जात नाही. तुमच्या शाळेसमोर कोणाला लागलं असेल तर ठाण्यात नोंद करायला लावा.

आमच्याच घरातली गंमतही सांगतो. एका शाळेसमोर आम्ही पट्टे मारले आणि पंधरा दिवसांत आमच्याच मलनिःसारण विभागाने रस्ता खोदला. चर बुजवली, पण पट्टे पुन्हा कोणी मारायचे यावर दोन विभागांत चार महिने पत्रव्यवहार चालला. दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर होती.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ कलम आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी दगावलं किंवा अपंग झालं, तर संबंधित प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या नोकरीत तरी ते कोणाला लागलेलं पाहिलं नाही, पण अर्जात नुसता उल्लेख असला की साहेब तो कागद दोनदा वाचायचे.

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, सोबत फोटो जोडा आणि एक प्रत वाहतूक शाखेला. मुख्याध्यापकांची सही मिळाली तर उत्तम. वाहतूक शाखेने आम्हाला पत्र पाठवलं तर उत्तर द्यावंच लागायचं. नागरिकाचा अर्ज मात्र फाइलीत आरामात झोपायचा. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.