दोन अब्ज, 'दोन अरब' नव्हे

दादरहून एकांनी विचारलं आहे: २,१४,७४,८३,६४७ ही संख्या 'दोन अरब चौदा कोटी...' अशी वाचावी का? आणि ती 'अभाज्य' म्हणावी की 'मूळ'?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. उजवीकडून तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम, पुढे दर दोन अंकांनी. घोटाळा होतो तो २,१४७,४८३,६४७ असे तीन-तीनचे गट पाहून वाचताना. १४७ मिलियनचे लोक बिनदिक्कत १४७ लाख करतात. ते असतात १४ कोटी ७० लाख.

'अरब' मात्र डोक्यात जातो. शेअर बाजाराच्या हिंदी बातम्या ऐकून मुंबईतले मराठी निवेदकही हल्ली 'इतके अरब बुडाले' म्हणतात. कोण बुडाले? मराठीत अरब म्हणजे अरबस्तानातला माणूस. त्यावर काही पंडित ठोकून देतात की अरब व्यापाऱ्यांनी आणलेली संख्या म्हणून 'अरब'. साफ चूक. मूळ शब्द संस्कृत 'अर्बुद'. अर्बुद म्हणजे गाठ, आवाळू. आयुर्वेदात रोगाचं नाव तेच. आणि राजस्थानातला अबूचा पहाड? तोही अर्बुदच! गाठ, डोंगर आणि संख्या, तिन्ही एका शब्दात.

आता खरी गंमत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी दसपटीची चढण आहे. म्हणजे अर्बुद दहा कोटी आणि अब्ज शंभर कोटी. (अब्ज म्हणजे अप् + ज, पाण्यात जन्मलेलं, कमळ.) हिंदीतला अरब मात्र शंभर कोटींचा. तो एक घर पुढे कसा सरकला? माझं मत असं: बोलण्यात अयुत, प्रयुत मागे पडून 'दहा हजार', 'दहा लाख' रुळले. नवं नाव दसपटीऐवजी शंभरपटीला लागू लागलं, तसं कोटीनंतर 'दहा कोटी' आले आणि अर्बुदाला पुढच्या घरात जावं लागलं. खर्वही तसाच दहा अब्जांवरून हिंदीत शंभर अब्जांचा 'खरब' झाला. मराठीने अब्ज जागेवर ठेवला. व्युत्पत्ती धरून 'दोन अरब' म्हणाल तर हाती वीस कोटीच लागतील.

राहिला दुसरा प्रश्न. १ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी संख्या: 'अभाज्य' हिंदी, आपल्या पाठ्यपुस्तकात 'मूळ संख्या'. ही संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, आणि ती मूळ असल्याचं स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. शिवाय ४६,३४१ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो, म्हणून शोध ४६,३४० पर्यंतच. अशा मोजक्याच मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, आणि एकीनेही भाग जात नाही. 'विषम आहे, म्हणजे मूळच' म्हणणाऱ्यांनी दोनच पुढची २,१४,७४,८३,६४९ घ्यावी. अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने निःशेष भाग जातो.