उत्कृष्ट शिक्षकांची निवड न्याय्य रीतीने कशी करावी, आणि त्या गौरवातून त्यांची व्यावसायिक वाढ कशी साधावी?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुमच्या शिक्षणसंस्थेत उत्कृष्ट शिक्षकांसाठी पुरस्कार सुरू होणार आहे, अर्जाचा नमुना आणि गुणदानाचे निकष ठरवण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, आणि तुम्हाला दोन शंका आहेत. नेहमी पुढे असणाऱ्यांनाच पुरस्कार जाऊ नये म्हणून काय करावे, ही पहिली. आणि गौरव झाल्यानंतर त्या शिक्षकाच्या वाढीला खरोखर हातभार कसा लावावा, ही दुसरी. मी बरीच वर्षे शिकवले आहे आणि निवड समित्यांवर कामही केले आहे. त्या आधारावर सांगतो की अर्जाचा नमुना अधिकाधिक काटेकोर करण्यात तुम्ही श्रम घालू नका. अर्जच काढून टाका, आणि समितीला वर्गात पाठवा.

अर्जाच्या पद्धतीत नेमके काय मोजले जाते, हे समितीच्या टेबलावरच्या फायली पाहिल्या की कळते. एक फाईल जाडजूड असते. तिच्यात उपक्रमांची रंगीत छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे आणि पाहुण्यांचे अभिप्राय नीट क्रमाने लावलेले असतात. दुसरी चार पानांची असते आणि त्यांतली निम्मी पाने अर्जाचीच असतात. या दोन फायलींतला फरक अध्यापनातलाच असेल असे नाही. पहिल्या शिक्षकाकडे लिहायला वेळ असतो, छायाचित्रे काढून देणारा सहकारी असतो, शिफारस करणारे मुख्याध्यापक असतात. दुसऱ्या शिक्षिकेवर पटावरच्या साठ मुलांबरोबर घरातल्या आजारी माणसाचीही जबाबदारी असते, किंवा स्वतःविषयी चांगले लिहिण्याचा तिला संकोच वाटतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राविषयी दाखवून दिले होते की ज्याचे नाव आधीच झालेले असते त्याच्याच पदरात नव्या कामाचेही श्रेय अधिक पडते, आणि त्यांनी त्याला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. शिक्षकांच्या पुरस्कारांत हे फार ठळकपणे दिसते, कारण एकदा मिळालेला पुरस्कार हाच पुढच्या अर्जातला सर्वांत वजनदार कागद ठरतो.

याउलट, उत्तम अध्यापन कागदावर उतरतच नाही. मागच्या बाकावर बसून मी पाहिलेला एक पाठ सांगतो. एका मुलीने फळ्यावर एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज दोन छेद पाच अशी लिहिली, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. शिक्षिकेने ते पुसले नाही आणि चूक आहे असेही म्हटले नाही. दोन छेद पाच हे अर्ध्याहून मोठे की लहान, एवढेच तिने वर्गाला विचारले. कुजबुज झाली, एकाने कागदाच्या पट्टीला घड्या घालून पाहिल्या, आणि लहान आहे असे उत्तर आले. ‘अर्ध्यात आपण काहीतरी मिळवले, आणि उत्तर अर्ध्याहून लहान कसे आले?’ हा दुसरा प्रश्न विचारून ती गप्प राहिली. थोड्या वेळाने त्या मुलीनेच खडू पुन्हा उचलला. मुलांच्या मनात कोणता चुकीचा नियम घर करून बसला आहे हे ओळखणे, त्या नियमाला हादरा देणारा नेमका प्रश्न त्याच क्षणी सुचणे, आणि उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरणे, ही तिन्ही कौशल्ये फार वरच्या दर्जाची आहेत. यांपैकी एकही अर्जाच्या रकान्यात बसत नाही. ती पाहायला कोणीतरी तिथे हजर असावे लागते.

अर्थात, वर्गात जाऊन पाहिले म्हणजे निवड आपोआप न्याय्य होते असे मी म्हणत नाही, आणि इथे तुम्हाला सर्वाधिक काळजी घ्यावी लागेल. ब्रुकिंग्ज या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१४ मध्ये तिथल्या चार शहरी शालेय जिल्ह्यांतल्या (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांतल्या) वर्गनिरीक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या वर्गात आधीपासून चांगले गुण मिळवणारी मुले होती, त्या शिक्षकांना निरीक्षणातही सरासरीने अधिक गुण मिळत होते, असे त्यात आढळले. कारण समजणे अवघड नाही: तयारी झालेल्या मुलांचा वर्ग पाहणाऱ्याला रंगलेला दिसतो, आणि मागे पडलेल्या मुलांबरोबर चाललेले संथ, चिकाटीचे काम त्याला रटाळ वाटू शकते. म्हणजे सर्वांत कठीण वर्ग ज्याने अंगावर घेतला, त्यालाच त्या वर्गाची किंमत मोजावी लागते. यावर उपाय असा की तुलना सारख्या परिस्थितीतल्या वर्गांची करावी, आणि निरीक्षकाने पाठाचा एकंदर प्रभाव न लिहिता शिक्षकाने कोणत्या अडचणीला कोणता प्रतिसाद दिला ते लिहावे. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि सुमारे तीन हजार शिक्षकांचा सहभाग असलेल्या गेट्स फाउंडेशनच्या अध्यापन-मूल्यमापनाविषयीच्या प्रकल्पातून आणखी एक उपयोगी गोष्ट समोर आली: एकाच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने तो पाहिल्यास मूल्यमापनाची विश्वासार्हता अधिक वाढते. म्हणून भेटी थोड्या असल्या तरी चालतील, डोळे वेगवेगळे हवेत.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांना तुम्ही गुण देणार असाल तर तेही जपून द्या. अमेरिकेतील एका ऑनलाईन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन साहाय्यक शिक्षकांना प्रत्येकी दोन गट देण्यात आले, आणि दोघांनीही एका गटापुढे स्वतःच्या तर दुसऱ्या गटापुढे परस्परांच्या ओळखीने शिकवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी जिला पुरुष मानले त्या ओळखीला अधिक गुण दिले, मग प्रत्यक्षात शिकवणारे कोणीही असो. गृहपाठ तपासून परत देण्याची वेळ सारखीच ठेवलेली असतानाही तत्परतेचे गुण वेगळे पडले. प्रयोग लहान होता, तरी त्यातून घेण्यासारखा इशारा मोठा आहे. अभिप्राय जरूर घ्या, पण त्यांतला मजकूर वाचा. सरासरी काढून ती गुणपत्रकात चढवू नका.

न्यायाचा सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र निरीक्षणाच्याही आधी सुटतो किंवा बिघडतो, आणि तो म्हणजे पाहायचे कोणाला. बहुतेक नियमावल्यांत ‘किमान इतकी वर्षे कायम सेवा’ अशी एक अट निमूटपणे बसलेली असते, आणि तिच्यामुळे कंत्राटी व तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक पहिल्याच पायरीवर गळतात. लहान वर्गांना शिकवणारे, विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करणारे, कला आणि क्रीडा शिकवणारे यांच्याकडे दाखवायला परीक्षेचा निकाल नसतो, म्हणून ते मागे राहतात. मी तुमच्या जागी असतो तर प्राथमिक यादी तयार झाल्यावर थांबून पाहिले असते की संस्थेतल्या शिक्षकवर्गात ज्यांचे प्रमाण मोठे आहे त्यांतले कोण या यादीत औषधालाही सापडत नाही, आणि जो गट सापडत नाही त्याच्या वर्गांत आणखी भेटी दिल्याशिवाय यादी पुढे जाऊ दिली नसती. राखीव जागा ठेवण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण यात निवड झालेल्या शिक्षकाकडे कोणी बोट दाखवू शकत नाही.

परीक्षेचे निकाल हा मुख्य निकष करू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या शाळांतील वाढत्या गुणांची एके काळी देशभर वाहवा झाली होती, आणि २००९ मध्ये तिथल्या शिक्षण अधीक्षकांना राष्ट्रीय पातळीवरचा सर्वोच्च सन्मानही मिळाला होता. पुढे २०११ मध्ये राज्य शासनाच्या चौकशी अहवालात तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांमध्ये गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे त्यात आली. गुणांवर मानसन्मान, बक्षीस आणि नोकरी अवलंबून ठेवली की गुण वाढतात, पण ते शिकण्यामुळेच वाढले की नाही हे सांगता येत नाही.

रोख रकमेविषयी थोडक्यात लिहितो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे २००६ ते २००९ या काळात गणिताच्या शिक्षकांना मुलांच्या प्रगतीसाठी वर्षाला १५ हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ करण्यात आला, आणि एकंदरीत निकालांत लक्षणीय फरक पडला नाही. आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत झालेल्या प्रयोगात मात्र मुलांच्या सुधारणेशी जोडलेल्या बोनसमुळे दोन वर्षांत गणित आणि भाषा या दोन्ही विषयांचे निकाल सुधारले. म्हणजे पैशाचा परिणाम परिस्थितीनुसार बदलतो आणि दुसरीकडचा अनुभव आयता उचलता येत नाही. मात्र गुणवत्तेचा संबंध वेतनाशी जोडायचा विचार असेल तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनेस्को यांची १९६६ ची शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस जरूर वाचा. ती ५ ऑक्टोबरला स्वीकारली गेली, आणि म्हणूनच त्या दिवशी जागतिक शिक्षक दिन पाळला जातो. वेतन ठरवण्यासाठी गुणवत्तेच्या मूल्यांकनाची कोणतीही पद्धत शिक्षक संघटनांशी आधी चर्चा केल्याशिवाय आणि त्यांच्या संमतीशिवाय लागू करू नये, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षकांचे प्रतिनिधी निकष ठरवतानाच बरोबर असले, तर पुढची निम्मी कुरबुर उद्भवतच नाही.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. गौरव झालेल्या शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट वेळ ही आहे. वर्षभर आठवड्यातून काही तासिका मोकळ्या, आणि त्या तासिकांसाठी बदली शिक्षकाची ठरलेली व्यवस्था, हा पुरस्कार मी सन्मानचिन्हापेक्षा कितीतरी वरचा मानतो. बदली शिक्षकाची व्यवस्था न करता सवलत दिली तर तो भार सहकाऱ्यांवर पडतो, आणि ज्याचा गौरव केला त्याच्याविषयीच मने कलुषित होतात. हा मोकळा वेळ त्याने सहकाऱ्यांच्या वर्गात जाण्यासाठी, त्यांच्याबरोबर पाठाची आखणी करण्यासाठी आणि स्वतःच्या विषयातले नवे शिकण्यासाठी वापरावा. शिक्षकाच्या वर्गात जाऊन, त्याच्या प्रत्यक्ष कामावर केलेल्या वैयक्तिक मार्गदर्शनाच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मार्गदर्शनाने अध्यापनात ठळक आणि मुलांच्या निकालांत त्याहून कमी पण निश्चित सुधारणा होते, आणि कार्यक्रम फार मोठ्या संख्येने राबवला की परिणाम ओसरतो, असे त्यात दिसले. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील एका प्रयोगात प्रश्न विचारण्यात कच्च्या असलेल्या शिक्षकाला त्याच कौशल्यात निपुण असलेला त्याच शाळेतला सहकारी जोडून दिला, अशा तऱ्हेने जोड्या लावल्या होत्या, आणि त्या शिक्षकांच्या मुलांचे निकाल सुधारले. यासाठी बाहेरून व्याख्याता आणावा लागला नव्हता. सभागृहात दोनशे जणांना बसवून उरकलेल्या सेवांतर्गत प्रशिक्षणाशी याची तुलना करून पाहा.

यात एक धोका आहे, आणि तो मी वारंवार पाहिला आहे. शिक्षक उत्तम आहे हे कळताच त्याला कार्यालयीन जबाबदाऱ्या, समित्या, अहवाल आणि शेवटी प्रशासकीय पद देऊन वर्गाबाहेर काढले जाते. त्याची बढती होते आणि मुलांचा शिक्षक जातो. सिंगापूरने यावर विचारपूर्वक तोडगा काढला आहे. तिथे शिक्षकाला अध्यापन, प्रशासकीय नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ अशा तीन स्वतंत्र वाटांनी पुढे जाता येते, अध्यापनाच्या वाटेवर वरिष्ठ शिक्षकापासून थेट ‘प्रिन्सिपल मास्टर टीचर’ या सर्वोच्च पदापर्यंतच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाला १०० तासांपर्यंतच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची तरतूद आहे. एका संस्थेला एवढे सगळे उभारता येणार नाही, पण वर्गात शिकवत राहूनही दर्जा आणि मानधन वाढेल अशी एक पायरी तुम्ही नक्कीच तयार करू शकता. ती कायम आणि कंत्राटी अशा दोन्ही शिक्षकांना खुली असावी, आणि कंत्राटी शिक्षकाला सहकाऱ्यांसाठी दिलेल्या तासांचाही मोबदला मिळावा. त्याच्याकडून तो वेळ फुकट मागणे हा सन्मान होत नाही.

एकाच व्यक्तीला मखरात बसवण्याच्या पद्धतीविषयी मला नेहमी अस्वस्थ वाटत आले आहे, कारण शिकवणे हे एकमेकांच्या आधाराने चालणारे काम आहे. २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाल्यावर रणजितसिंह डिसले यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देण्याचे जाहीर केले, तेव्हा हीच गोष्ट त्यांनी जगापुढे ठेवली असे मी मानतो. जपानमधील पाठ-अभ्यासाची जुनी परंपराही याच जातीची आहे: काही शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी घेतात, आणि नंतरच्या चर्चेत शिक्षकाऐवजी पाठाची चिकित्सा होते. तुमच्या योजनेत व्यक्तीबरोबर अशा एखाद्या गटालाही गौरवता आले तर जरूर करा.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. ज्यांच्या वर्गात समिती गेली पण ज्यांची निवड झाली नाही, त्या प्रत्येकाला काय आवडले आणि काय सुधारता येईल याची अर्ध्या पानाची लेखी टिप्पणी द्या. अनेक शिक्षकांना आपल्या कामाविषयी असे काही पहिल्यांदाच वाचायला मिळेल. आणि मानपत्रात ‘विद्यार्थिप्रिय’, ‘उपक्रमशील’, ‘तळमळीचे’ अशी विशेषणे न घालता, समितीने वर्गात काय पाहिले ते चार वाक्यांत लिहा, म्हणजे दुसऱ्या शिक्षकाला ते वाचून स्वतःच्या वर्गात करून पाहता येईल. त्याखाली त्या शिक्षकाचा पाठ पुन्हा कधी आणि कोणत्या वर्गात पाहता येईल ते छापा, आणि तो पाहायला येणाऱ्यांच्या तासिका तेवढ्या वेळात कोण घेणार हेही ठरवून ठेवा.