अपग्रेडनंतर लॅपटॉप स्लो झाला? फॉरमॅट मारण्याआधी डिस्कचे आकडे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप सहा वर्षांचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. चार दिवसांपूर्वी विंडोज १० वरून ११ वर अपग्रेड केलं. तेव्हापासून सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की हँग होतो आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. फॉरमॅट मारू, विंडोज १० वर परत जाऊ, की नवा लॅपटॉप घेऊ?

यातलं काहीच आज करू नका. आज एकच करा. फोटो, कागदपत्रं, जे पुन्हा मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. कारण पुढे येईलच, पण कॉपी आधी लावून द्या आणि ती चालू असताना बाकीचं वाचा.

आता त्या १०० टक्क्यांकडे येऊ. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. हा आकडा डिस्क किती भरली आहे ते सांगत नाही, किती वेगाने चालली आहे तेही नाही. डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती, एवढंच तो सांगतो. दिवसभर काउंटरवर बसलेला माणूस दोनशे लोकांचं काम उरकतो की एकाच अर्जावर अडून बसतो, हे तो कामात होता एवढ्यावरून कळत नाही. ते कळायला शेजारचे आकडे पाहावे लागतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, डिस्कवर क्लिक करा. आलेखाखाली तीन गोष्टी दिसतील: सरासरी रिस्पॉन्स टाइम, रीड स्पीड आणि राइट स्पीड. लॅपटॉप सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं काहीही न उघडता हे तीन आकडे बघत बसा. खरंच बसा, आणि दर मिनिटाला कागदावर लिहून घ्या. त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते दोन दिवस सेटिंग्ज बदलत बसून कळत नाही.

आकडे वाचायचे कसे, यासाठी आतली गोष्ट थोडी समजून घ्यावी लागेल. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली (म्हणजे डिस्कच्या हेडखाली) यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. एका ठिकाणचा तुकडा वाचायला सतरा-अठरा मिलिसेकंद गेले, तर सेकंदाला पंचावन्न-साठच तुकडे वाचून होतात. तुकडा ४ केबीचा असेल तर सेकंदाला फार तर २५० केबी. तीच डिस्क एखादी मोठी सलग फाईल मात्र सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. विंडोज सुरू होताना, फाइली शोधण्यासाठीची सूची म्हणजे इंडेक्स तयार होताना, अँटीव्हायरस तपासणी करताना विखुरलेल्या छोट्या तुकड्यांचीच मागणी असते, आणि तीही चारपाच प्रोग्रॅमची एकदम.

म्हणून १०० टक्के आणि शेजारी रीड स्पीड एक-दोन एमबी, रिस्पॉन्स टाइम काहीशे मिलिसेकंद असं दिसलं, तर डिस्क कदाचित ठणठणीत आहे. तिच्यापुढे रांग मोठी लागली आहे एवढंच. पण १०० टक्के, रीड आणि राइट दोन्ही शून्याला टेकलेले आणि रिस्पॉन्स टाइम हजारांत, तीन-चार हजार मिलिसेकंद, असं वारंवार दिसलं तर काळजी करा. डिस्क तेव्हा एकाच जागेवर अडून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. कान जवळ नेलात तर ठरावीक अंतराने बारीक टकटक ऐकू येईल, माउसचा बाण हलेल पण क्लिक लागणार नाही, आणि मग अचानक सगळं मोकळं होईल.

हे मी घरी पाहिलं आहे. वडिलांच्या संगणकावर मीच अपग्रेड केलं आणि लगेच तो मंदावला. दोन संध्याकाळी मी ॲनिमेशन बंद कर, सर्व्हिस बंद कर, स्टार्टअपमधले प्रोग्रॅम काढ, असं करत राहिलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिसऱ्या दिवशी वडील सहज म्हणाले, "अरे, तो फोटोंचा फोल्डर तर आधीपासूनच उघडायला वेळ घेत होता, महिना झाला असेल." तेव्हा मी डिस्कची तब्येत बघितली. कित्येक सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे छोटे कप्पे, निकामी झाले होते आणि आणखी बरेच त्या वाटेवर होते. अपग्रेडने डिस्क बिघडवली नव्हती, पण वर्षानुवर्षं हात न लागलेल्या जागांवर कित्येक जीबी लिहायला लावले आणि दडलेलं दुखणं वर आणलं. वडिलांनी चार वर्षं टाइप करत आणलेल्या आठवणींच्या दोन फाइली त्यानंतर कधीच उघडल्या नाहीत. कॉपी आधी लावा म्हणालो ते त्यासाठी.

तेव्हा स्वतःला आणि घरातल्यांना विचारा: अपग्रेडच्या आधी काही जाणवत होतं का? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली असेल, तर ते या एका प्रश्नात बाहेर येतं.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. डिस्क स्वतःच स्वतःची नोंदवही ठेवते, ती हा वाचून दाखवतो. त्यातल्या दोन ओळी बघा: रिअलोकेटेड सेक्टर्स काउंट, म्हणजे खराब झाल्याने बदलून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, आणि करंट पेंडिंग सेक्टर काउंट, म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निकालासाठी थांबलेले. शेवटच्या स्तंभातला आकडा सहसा हेक्साडेसिमलमध्ये असतो, त्याने गोंधळू नका, शून्य हे शून्यच. पेंडिंग शून्य नसेल तर डिस्क बदलायचीच आहे. अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट वाढत असेल तर मात्र दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. दुसरी साक्ष विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिम लॉगमध्ये मिळते. तिथे 'डिस्क' या नावाने आलेल्या ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं.

आणि एक कळकळीची विनंती: डिस्कबद्दल शंका असताना, बॅकअप होण्याआधी, चेकडिस्क या विंडोजच्या तपासणी प्रोग्रॅमची पूर्ण पृष्ठभाग तपासणी किंवा विखुरलेले तुकडे सलग लावणारं डीफ्रॅग चालवू नका. 'एरर दुरुस्त करा' म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. आजारी डिस्कला तासन्‌तास घासल्यावर उरलंसुरलं वाचण्याची संधीही जाते.

डिस्क धडधाकट निघाली तर मग अपग्रेडकडे बोट दाखवायला हरकत नाही. अपग्रेडनंतर विंडोज शोधाचा इंडेक्स पुन्हा तयार करतं, विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर सगळ्या फाइली नव्याने तपासतो, स्टोअरमधली ॲप अपडेट होतात, क्लाउडवर ठेवलेल्या फाइली पुन्हा पडताळल्या जातात. एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, हे काही तासांत उरकतं. हार्ड डिस्कवर दीड-दोन दिवसही लागतात, आणि दर वेळी तुम्ही वैतागून लॅपटॉप बंद केलात तर ते काम रेंगाळतच राहतं. चार्जर लावून, स्लीप बंद करून एक रात्र तसाच चालू ठेवा. सकाळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसची यादी डिस्कच्या क्रमाने लावा. सर्च इंडेक्सर, अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर हीच नावं अजूनही वर असतील तर आणखी एक दिवस द्या. वेगळंच नाव वर असेल, विशेषतः जुना अँटीव्हायरस, तर चोर सापडला. दोन अँटीव्हायरस एकाच फाइलीवर टपून बसलेले असले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. एक काढा, आणि तो बनवणाऱ्या कंपनीच्याच अनइन्स्टॉल टूलने काढा, नाहीतर त्याचे ड्रायव्हर मागे राहतात.

रॅमचं दुखणंही डिस्कच्या रूपात दिसतं. मेमरी ९० टक्क्यांवर गेली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ढकलतं आणि गरज लागली की परत आणतं. रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्ट्सचा आकडा सतत शेकड्यांत असेल तर हेच चाललंय. ८ जीबीवर नुसतं बसल्या बसल्या असं व्हायला नको. तीस टॅब उघडल्यावर होईल.

बाकीच्या शक्यता झटपट. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघा. काम चालू असतानाही तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकला असेल तर पॉवर मोड, चार्जर किंवा धुळीने भरलेला पंखा तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही आणि चित्राचा सगळा भार सीपीयूवर आहे. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ड्रायव्हर अपडेटर आणि रजिस्ट्री क्लीनर नावाचे प्रोग्रॅम हात लावण्याच्याही लायकीचे नाहीत. 'सिस्टिम इंटरप्ट्स' बराच वेळ सीपीयू खात असेल तर तेही ड्रायव्हरचं किंवा हार्डवेअरचं लक्षण. आणि लॅपटॉप 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि तसाच परत उचलला जातो. सीपीयूच्या पानावर अप टाइम चार दिवसांचा दिसला तर अपग्रेडनंतर तुम्ही एकदाही खरा रीस्टार्ट केलेला नाही. तो आधी करा.

मेमरी इंटिग्रिटी हे विंडोजचं सुरक्षा सेटिंग बंद करा असाही सल्ला तुम्हाला मिळेल. जुन्या प्रोसेसरवर तिचा भार पडतो हे खरं आहे. पण ती सुरक्षेसाठी आहे, आणि लॅपटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागण्याचं कारण ती नाही. चालूच राहू द्या.

परत जाण्याबद्दल: विंडोज १० वर परतायची सोय अपग्रेडनंतर १० दिवस असते. तुमचे चार गेले, सहा उरले. तोपर्यंत डिस्क क्लीनअपमध्ये 'आधीचं विंडोज इन्स्टॉलेशन' काढून टाकू नका, ती वाट कायमची बंद होते. पण विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहेत, त्यामुळे ते मुक्कामाचं ठिकाण नाही. डिस्क आजारी असेल तर परत जाऊच नका, त्या उलट प्रवासात पुन्हा तेवढंच लिहिणं-वाचणं होतं.

फॉरमॅटबद्दलही तेच. त्याच हार्ड डिस्कवर फॉरमॅट मारून पहिले आठ दिवस बरं वाटेल, मग अपडेट आणि ॲप साचले की पुन्हा तीच रांग.

तुमच्या जागी मी असतो तर एसएसडी घेतली असती, डिस्क धडधाकट निघाली तरी. साध्या साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणाऱ्या) एसएसडीलाही एक तुकडा शोधायला ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास लागतात. सतराच्या जागी ०.१, हा फरक ८ जीबीचे १६ करून मिळणार नाही आणि नव्या लॅपटॉपइतका खर्चही येणार नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा बसते. काहींत एम डॉट टूची, म्हणजे पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची, मोकळी जागाही असते, ती खरेदीआधी मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पेंडिंग सेक्टर शून्य असतील तर आहे ते विंडोज जसंच्या तसं नव्या एसएसडीवर क्लोन करा. एकही असेल तर क्लोनच्या फंदात पडू नका, नव्याने इन्स्टॉल करा आणि बॅकअपमधून फाइली आणा. एसएसडी काठोकाठ भरू नका, १५-२० टक्के मोकळी ठेवा.

जुनी हार्ड डिस्क काढल्यावर लगेच पुसू नका. महिनाभर खणात ठेवा, कारण न आठवलेल्या एखाद्या फोल्डरची आठवण साधारण तिसऱ्या आठवड्यात होते.