अनुवांशिक नव्हे हो, आनुवंशिक! आणि एपि म्हणजे अपि

प्रश्न आलाय की 'परिस्थितीमुळे झालेले एपिजेनेटिक बदल सस्तन प्राण्यांत अनुवांशिक असतात' हे वाक्य बरोबर का, आणि एपिजेनेटिकला (म्हणजे जनुकाची अक्षरं न बदलता त्याचं काम बदलतं त्याला) मराठीत काय म्हणायचं.

आधी ते 'अनुवांशिक' खोडा. अनुवंशाला इक लागला की वाढतं ते पहिलं अक्षर, म्हणून आनुवंशिक. परंपरेचं 'परांपरिक' कोणी करत नाही, मग वंशानेच काय घोडं मारलंय?

आता एपि. काही जण 'अधिजनुकीय' म्हणतात, मला अजिबात पटत नाही, अधि म्हटलं की अधिकारी, अधिपती, जनुकांच्या डोक्यावर साहेब बसवल्यासारखं वाटतं. अहो, ग्रीक एपि आणि संस्कृत अपि सख्खे भाऊ आहेत! अपि म्हणजे 'सुद्धा' एवढंच शाळेतलं लक्षात राहतं, पण अपिधान म्हणजे झाकण, ईशोपनिषदात सत्याचं तोंड सोन्याच्या पात्राने 'अपिहित' आहे ते हेच. आणि पेशीत तरी काय होतं, मिथाइल नावाचे बारके रासायनिक गट डीएनएवर येऊन बसतात, खालची अक्षरं तीच राहतात पण जनुक बहुतेकदा झाकलं जातं, वाचलंच जात नाही. म्हणून माझा शब्द अपिजनुकीय. (ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टनने १९४२ मध्ये एपिजेनेटिक्स शब्द काढला तेव्हा त्याच्या डोक्यात भ्रूणाची वाढ होती, मिथाइल नव्हतं, मान्य. पण झाकण चपखल बसलंय त्याला मी काय करू.)

हां, मूळ प्रश्न राहिलाच. आनुवंशिक म्हणावं का? जपून. २००३ सालच्या प्रयोगातले अगौटी उंदीर घ्या (अगौटी हे केसांच्या रंगाचं जनुक, ते सतत चालू राहिलं की उंदीर पिवळा), मादीला गाभण असताना फॉलिक ॲसिड, बी१२ वगैरे जास्तीचं दिलं तर तपकिरी पिल्लं वाढली, म्हणजे झाकण बसलं आणि पिवळेपणा गप्प झाला. छान. पण गाभण मादीला परिस्थितीची झळ लागते तेव्हा ती, पोटातलं पिल्लू आणि त्या पिल्लातल्या बीजपेशी (ज्यांतून पुढे नातवंडं होतात) अशा तीन पिढ्यांना एकदमच लागते, त्यामुळे नातवंडात काही दिसलं तरी तो वारसा कशावरून? पणतवंडात दिसलं तर बोला. झळ नराला लागली असेल तर ती त्याला आणि त्याच्या बीजपेशींनाच, म्हणजे दोनच पिढ्यांना लागते, तिथे नातवंड चालेल. त्यात आपल्या सस्तनांत ही झाकणं दोनदा जवळजवळ सगळी काढली जातात, एकदा फलनानंतर आणि एकदा बीजपेशी घडताना, चुकूनमाकून राहिली ती राहिली.

तेव्हा मुलांपर्यंतच दिसलेल्या बदलाला 'पुढच्या पिढीत दिसलेला' एवढंच म्हणा, आणि आनुवंशिक लिहायचंच असेल तर काना अ ला द्या, व ला नको.